समृद्धी टच

नागपुरात दोन ओळखीची माणसं भेटली की ऊन, पोरंबाळं आणि बदल्या आटोपून गप्पा प्लॉटवर येतात. लग्नाच्या पंगतीत येतात, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर येतात, मेडिकलच्या ओपीडीबाहेरच्या बाकावरही येतात. "बेसाला काय रेट चालू आहे?" हा प्रश्न इथे कोणीही कोणालाही विचारू शकतं. उत्तर देणाऱ्याकडे बेसाला इंचभर जागा नसली तरी रेट त्याला पाठ असतो.

मी वकील आहे, पण कोर्टात फारशी उभी राहत नाही. माझं काम सर्च रिपोर्टचं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून तीस वर्षांच्या नोंदी काढायच्या, सातबारा, फेरफार आणि जुने नकाशे एकापुढे एक ठेवायचे आणि विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे की नाही ते लिहून द्यायचं. काम कंटाळवाणं आहे, मला मात्र आवडतं. माणूस जमिनीविषयी तोंडानं काय सांगतो आणि कागद काय सांगतो, यातलं अंतर रोज बघायला मिळतं. अलीकडे ते अंतर शहरापासून दूर जाईल तसं वाढत चाललंय.

प्लॉटचं हे वेड आकाशातून पडलेलं नाही. १९३६ साली नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाली आणि आखीव रस्ते, आखीव लेआउट ही गोष्ट या शहराच्या अंगवळणी पडली. पुढे शहर प्रन्यासच्या आखणीपेक्षा वेगानं वाढलं. गृहनिर्माण संस्थांनी शेतं घेतली, चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या आणि पंधराशे चौरस फुटांचे तुकडे मास्तरांना, कारकुनांना, रेल्वेवाल्यांना हप्त्यानं विकले. शेतीची जमीन अकृषिक झालेली नव्हती आणि नकाशाला कोणाची मंजुरी नव्हती. त्यातूनच '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' असे आकडे नागपूरकरांच्या तोंडी बसले. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला आणि 'आरएल' (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) ही दोन अक्षरं इथल्या मध्यमवर्गाच्या आयुष्यात शिरली. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांना मुलाच्या दहावीचे टक्के आठवत नाहीत, पण आरएल हाती पडलं तो दिवस आठवतो.

त्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं भलं झालं, हे नाकारून चालणार नाही. मानेवाडा, मनीषनगर, बेसा या भागांत ज्यांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन प्लॉट घेतला, त्यांच्या मुलांची घरं तिथे उभी राहिली. पण आमच्या घराघरांत जी गोष्ट रंगवून सांगितली जाते ती घेतलेल्या प्लॉटची नसते. ती असते न घेतलेल्या प्लॉटची. "बाबांना तेव्हा आठ हजारांत देत होते, बाबा म्हणाले, तिकडे कोल्हे हिंडतात." ही गोष्ट दर दिवाळीला सांगितली जाते आणि दर दिवाळीला त्या जागेची आजची किंमत थोडी वाढते. ती ऐकत मोठी झालेली मुलं आता पुण्यात, बंगळुरात नोकऱ्या करतात, हातात बोनस असतो, आणि आपण कोल्ह्यांना घाबरायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं असतं.

मधल्या काळात मिहान आलं, म्हणजे विमानतळाला जोडलेला मालवाहतुकीचा आणि उद्योगांचा प्रकल्प. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा ही वर्धा रोडवरची नावं दलालांच्या तोंडी बसली. जगभरचा माल नागपुरात उतरणार आणि इथूनच पुढे जाणार, असं चित्र होतं. त्या चित्राच्या भरवशावर बुटीबोरीपर्यंत लेआउट पडले. एम्स आलं, आयआयएम आलं, काही मोठ्या आयटी कंपन्या आल्या, मेट्रो खापरीपर्यंत गेली. म्हणजे बऱ्याच गोष्टी खरंच आल्या. फक्त ज्या वर्षी येतील म्हणून लोकांनी पैसे मोजले, त्या वर्षी आल्या नाहीत. त्या दोन तारखांच्या मधली वर्षं कोणी मोजत नाही. त्या वर्षांत त्या पैशावर व्याज मिळालं असतं, लेआउटमध्ये बाभळी वाढल्या, एका प्लॉटवर दोघा-तिघांचे बोर्ड लागले आणि माझ्यासारख्यांना काम मिळालं.

मग समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, सुरुवात आपल्याच हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडाही खुला झाला. आधी शेतकऱ्यांना जमीन एकत्रीकरणाची योजना दाखवली गेली, गावोगाव विरोध झाला आणि नंतर थेट खरेदीचा मार्ग निघाला. मोबदला रेडी रेकनरच्या पाचपटीपर्यंत गेला. ज्या कास्तकारांची जमीन रस्त्यात गेली, त्यांच्या खात्यात त्यांनी आणि त्यांच्या बापजाद्यांनी कधी न पाहिलेली रक्कम एकदम आली. त्यातल्या अनेकांनी त्या पैशातून दोन-तीन गावं पलीकडे पुन्हा जमीनच घेतली, आणि तिथले भाव चढले. रस्ता जिथून गेलाच नाही तिथेही भाव चढले, ते असे. दलालानं ते फक्त पाहिलं आणि शहरात येऊन सांगितलं.

माझा मामेभाऊ पुण्याला एका आयटी कंपनीत आहे. त्याला वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली चार एकराची जाहिरात कुठूनशी मिळाली. 'समृद्धी टच. काळी कसदार. पाण्याची सोय. फार्महाऊससाठी उत्तम.' त्यानं मला फोन केला, "ताई, तू फक्त कागद बघ, जागा मी बघतो." मी म्हटलं, मी जागाही बघते. कागद बघून आपण जमीन घेत नाही हे ठरवता येतं, घ्यायची हे ठरवता येत नाही.

फार्महाऊसचं म्हणाल तर एक गंमत. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे कोणत्याही जाहिरातीत नसतं आणि नागपूरच्या निम्म्या फार्महाऊसवाल्यांना ते कोणीतरी हळूच सांगावं लागतं.

त्याला आणखी एक प्रश्न मी पहिल्याच फोनवर विचारला होता, "तू शेतकरी आहेस का?" तो हसला. पण विदर्भासाठीचा १९५८ चा कुळकायदा आहे, त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात याच अर्थाचं कलम ६३ आहे आणि पुण्याच्या दलालांना तेवढंच ठाऊक असतं. सुदैवानं, किंवा दुर्दैवानं, नरखेडकडच्या आमच्या आजोबांच्या वावराच्या सातबारावर सात नावं आहेत, त्यात एक याचं आहे. हा तिथे लहानपणी संत्री खायला गेला होता, त्यानंतर नाही. जमीन धाकटे मामा करतात. (माझ्या आईचं नाव हक्कसोडपत्रानं त्या सातबारावरून गेलं. तो वेगळा लेख आहे, आणि तो मी लिहिणार नाही.) म्हणजे ज्या जमिनीनं त्याला शेतकरी ठरवलं, तिच्याकडे त्याला बघायचं नव्हतं. त्याला दुसरी हवी होती, स्वतःची.

मार्चच्या शेवटी आम्ही गेलो. महामार्गावर गाडी १२० नं पळाली आणि इंटरचेंजला उतरल्यावर खरा प्रवास सुरू झाला. वीसेक किलोमीटर गावरस्ता, मग खडीचा रस्ता, मग पांदण. दोन्ही बाजूंना कपाशी उपटून झालेली, पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेले, हरभरा निघालेला. एका ठिकाणी पांदण संपली आणि दलालानं गाडी सरळ कोणाच्या तरी मोकळ्या वावरात घातली. ढेकळांवरून गचके खात आम्ही पोहोचलो.

जमीन काळी नव्हती. वर बोटभर काळसर थर आणि खाली मुरूम. आमच्याकडे अशा जमिनीला बरड म्हणतात. तूर येते, कपाशी येते, पाऊस वेळेवर आला तर सोयाबीनही येतं, पण कसदार म्हणून तिला कोणी हाक मारणार नाही. मागच्या बाजूला मात्र जमिनीला हलकासा चढ होता, तिथे एक मोठं मोहाचं झाड, भोवती पळस आणि तरवडाची झुडपं. मोहाखाली सडा पडला होता आणि त्याचा तो गोड, थोडा आंबूस वास. भाऊ तिथे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "घर इथेच." मलाही ती जागा आवडली, खोटं का बोलू.

पुढच्या बाजूला महामार्ग होता. म्हणजे महामार्गाची भिंत होती. भिंतीपलीकडून ट्रक जाताना कानठळ्या बसत होत्या. भाऊ चालत गेला आणि त्यानं भिंतीवर हात ठेवला. दलालानं त्याचा फोटो काढला.

समृद्धीवर वाटेत कुठेही चढता-उतरता येत नाही. तो प्रवेशनियंत्रित रस्ता आहे, इंटरचेंज सोडला तर त्याला फाटा नाही, जोडरस्ता नाही, कडेला चहाची टपरीही लावता येत नाही. जुन्या राष्ट्रीय महामार्गालगत जमीन असली की पेट्रोलपंप, धाबा, गोदाम, निदान गाड्या धुवायची जागा तरी व्हायची. त्या जुन्या अनुभवावर आपल्या डोक्यातलं गणित बसलेलं आहे, रस्त्याला लागून म्हणजे सोनं. इथे रस्त्याला लागून म्हणजे धूळ, आवाज आणि भिंत. भाव चढायचाच तर तो इंटरचेंजच्या तोंडाशी चढेल, आणि तिथे कोण कधी घेऊन बसलंय ते निबंधकाकडच्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे झालेल्या व्यवहारांच्या यादीत, बघितलं की कळतं. रस्त्याकाठी कृषी समृद्धी नवनगरं वसवायची घोषणा झाली होती, तीही इंटरचेंजच्या आसपासच. आम्ही उभे होतो तिथून इंटरचेंज वीसेक किलोमीटर दूर होता, आणि वाटेत दुसऱ्याचं वावर.

ज्यांच्या वावरातून आमची गाडी आली ते गृहस्थ एव्हाना येऊन पोहोचले होते. साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा. दलाल त्यांच्याकडे बघत नव्हता. मी नमस्कार केला, वकील आहे म्हणाले आणि त्यांना विचारलं,

"भाऊ, या वावराला रस्ता कुठून आहे?"

"रस्ता नाही न बाई या वावराले. आता पीक नाही म्हून तुमची गाडी माह्या वावरातून आली. पाण्याच्या दिवसात आणून दाखवा."

"मग आधीचे मालक कसे जायचे?"

"बैलबंडी होती तवा माह्या धुऱ्यानं जाये. त्याचा बाप अन् माहा बाप दोस्त होते. आता ट्रॅक्टर पाह्यजे. ट्रॅक्टर धुऱ्यावर मावते का?"

दलाल मध्येच म्हणाला की रस्ता तहसीलदाराकडून मिळतो, मॅडमना माहीत आहे. मॅडमना माहीत होतं. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली हद्दीवरून वाट मागता येते आणि तहसीलदार ती देऊही शकतो. पण आदेश निघाल्यावर त्या वाटेवरून रोज जायचं असतं ते शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोरून. पुण्यात राहून दोन महिन्यांतून एकदा येणाऱ्या माणसानं शेजाऱ्याशी वाटेचा दावा लढून तिथे मोहाखाली चहा प्यावा, हे काही मला जमणारं वाटेना.

पाण्याचं मी त्यांनाच विचारलं. ते दलालाकडे बघून हसले.

"नाल्याले पाणी दिवाळीपर्यंत राह्यते. याच्या वावरात दोन बोर मारले होते जुन्या मालकानं. फुफाटा निघाला. माही हीर हाय तिकडं, खालच्या अंगाले, तिले लागते पाणी. होळीपर्यंत पुरते."

आपल्याकडे पाऊस कमी पडतो असं नाही. नागपूर-वर्ध्याकडचा पाऊस सोलापूर-जतच्या जवळजवळ दुप्पट. पण खाली बेसाल्टचा कातळ आहे आणि पाणी त्याच्या भेगांत, दोन थरांच्या सांध्यात जेवढं शिरेल तेवढंच. म्हणून एका वावरातल्या विहिरीला पाणी आणि शंभर पावलांवरचा बोअर कोरडा, हे इथे नेहमीचं. उताराच्या खालच्या अंगाची जमीन शेतकरी सहसा विकत नाही. विकायला येते ती वरची. फार्महाऊसवाल्याला वरचीच आवडते, तिथून देखावा चांगला दिसतो.

दलालाकडे याचंही उत्तर होतं. त्यानं मोबाइलवर एक नकाशा काढला. त्यावर निळी रेघ होती, वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचा कालवा. "तीन-चार वर्षांत पाणी येते, सर." प्रकल्प खराच आहे. ४२६ किलोमीटरचा कालवा, गोसीखुर्दपासून थेट बुलढाण्यापर्यंत, पावणेचार लाख हेक्टरच्या आसपास सिंचन, राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी २०२४ मधली. पण ज्या गोसीखुर्दमधून ते पाणी उचलायचं, त्याचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते एप्रिल १९८८ मध्ये झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे खर्च हजारो कोटींत गेला, माझ्या पिढीचे केस पिकले, आणि त्या धरणाच्या कालव्यांचं काम अजून बातम्यांत येत असतं. हे मी दलालाला सांगितलं नाही. त्याचा जन्मच १९८८ नंतरचा असावा.

निळ्या रेघेवर भाऊ मात्र खूश झाला. नरखेड, काटोल, वरूड, मोर्शी या पट्ट्यात संत्र्याच्या पायी बोअर किती खोल गेले आणि तरी बागा कशा वाळल्या, हे त्याच्या स्वतःच्या घरात घडलंय. धाकट्या मामांनी झाडं तोडून सरपण केलेलं त्यानं फोटोत पाहिलंय. भूजल कायद्यात साठ मीटरची मर्यादा लिहिलेली आहे, आणि त्या बाजूला बोअरची गाडी किती फुटांवर थांबली असं विचारलं तर लोक सातशे, आठशे सांगतात. हे सगळं ठाऊक असलेला माणूस दुसऱ्या गावच्या बरड रानात उभा राहून निळ्या रेघेवर विश्वास ठेवतो, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. आपल्या गावच्या दुष्काळाला आपण ओळखतो. परक्या गावात आपल्याला नकाशा दिसतो.

नागपूरला परत येऊन मी कागद काढले. हा भाग वाचायला रुक्ष वाटेल, पण माझ्यासाठी खरी गोष्ट इथेच आहे.

विदर्भातले जमिनीचे कागद बाकीच्या महाराष्ट्रासारखे नाहीत. आमच्याकडे गट नंबराऐवजी खसरा, तलाठ्याऐवजी लोक अजून पटवारीच म्हणतात, आणि मध्यप्रांताच्या काळापासून चालत आलेली निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन दप्तरं गावोगाव आहेत. गावची गुरं कुठे चरणार, सरपण कुठून आणणार, कोणाच्या शेतातून कोणाची वाट जाणार, पाण्याचा हक्क कोणाचा, हे त्यांत लिहिलेलं असतं. पुण्या-मुंबईचा वकील सातबारा बघून थांबतो आणि इथे फसतो.

विक्रेत्याचा सातबारा साफ होता. भोगवटादार वर्ग एक, म्हणजे विकायला मोकळी, इतर हक्कांत काही नाही, आदिवासी खातेदाराकडून आलेली जमीन नाही. तसं असतं तर महसूल संहितेच्या कलम ३६अ ची परवानगी लागली असती आणि मी तिथेच फाइल मिटवली असती. फक्त क्षेत्र चार एकर नव्हतं. कागदावर एक हेक्टर तीस आर होतं, म्हणजे सव्वातीन एकराच्या आत-बाहेर. दाखवलेले चार एकर आणि लिहिलेले सव्वातीन यांच्यामधला पाऊण एकर कुठून आला, हे शोधायला मोजणीचा जुना नकाशा काढला. मागचा चढ, पळस, तरवड आणि ते मोहाचं झाड शेजारच्या खसऱ्यात होतं. त्या खसऱ्यापुढे लिहिलं होतं, झुडपी जंगल.

झुडपी जंगल हे प्रकरण विदर्भाबाहेर कोणाला समजावून सांगणं कठीण. इंग्रज अमदानीतल्या जमाबंदीच्या नोंदींत जी मुरमाड, खुरट्या झुडपांची, गुरं चारायची जमीन होती तिला हे नाव पडलं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ती हजारो हेक्टर पसरलेली आहे. तिच्यावर शाळा झाल्या, झोपड्या झाल्या, सरकारी कचेऱ्या झाल्या, शेतंही झाली. ती जंगल आहे की नाही, यावर अनेक दशकं वाद चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की १९९६ च्या वनविषयक आदेशानुसार ती वनच आहे. पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, म्हणजे आमच्या अमरावतीचेच. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनींचं रीतसर वाटप झालं त्यांच्यासाठी केंद्राच्या मंजुरीचा मार्ग ठेवला. पण कोणा खाजगी विक्रेत्यानं वहिवाटीत घेतलेला पाऊण एकर आणि त्यावर पुण्याच्या माणसाचं फार्महाऊस, यासाठी तिथे काही मार्ग नाही.

मी भावाला फोन करून सांगितलं, तुला आवडलेली जागा विक्रेत्याची नाहीच. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बाकीची सव्वातीन तर क्लिअर आहे ना?" क्लिअर होती. रस्ता नसलेली, पाणी नसलेली, भिंतीला लागून असलेली क्लिअर जमीन. मी रिपोर्टमध्ये हक्क निर्वेध असल्याचं लिहिलं, कारण तेवढंच माझं काम. खाली एक परिच्छेद जोडला, वाटेचा आणि झुडपीचा. रिपोर्टात भावाचं मन वळवायला जागा नसते, पण फोनवर मी पैशाचं बोलले. म्हटलं, तू करणार काय तिथे? मक्त्यानं, म्हणजे ठरलेल्या भाड्यानं, देशील तर एकराचा मक्ता तुझ्या गुंतवलेल्या रकमेच्या मानानं अगदी किरकोळ, बँकेतल्या मुदत ठेवीच्या जवळपासही जात नाही. बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यानं, देशील तर हिशेबाला कोण जाईल? पडीत ठेवशील तर दोन्ही बाजूंचे धुरे दरवर्षी हातभर आत येतील, आणि ई-पीक पाहणीत पडीत लागेल. म्हणजे कमाई एकच, कोणीतरी पुढे जास्त भाव देईल ही. आणि तो पुढचा माणूस तुझ्यासारखाच, रस्ता न विचारणारा असायला हवा.

अशा जमिनी घेऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. नागपूर महानगर प्रदेशात ७१९ गावं आहेत, २०१७ पासून त्यांच्यावर एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, बसलेलं आहे, आणि त्यातल्या काही गावांत आज घेतलेली जमीन पुढच्या पिढीला खरोखर उपयोगी पडेल. हिंगणा तालुक्यात गोधनी (रिठी) आणि लाडगाव इथे ६९२ हेक्टरांवर 'नवीन नागपूर' करायचं सरकारनं २०२५ मध्ये ठरवलं आणि त्या आठवड्यापासून माझ्याकडे तिकडच्या खसऱ्यांच्या फाइली येऊ लागल्या. जिथे खुद्द सरकारच जमीन घेणार आहे, तिथेही लोक इसार देऊन मोकळे झालेले असतात, मोबदला आपल्याला मिळेल या हिशेबानं. कोरडवाहू भागात भाव वाढतो तो बहुतेक वेळा सरकारच्या एखाद्या रेघेनं. रेघ कुठून जाणार हे जिथे आधी कळतं तिथे माझे पक्षकार बसत नाहीत. त्यांच्यापर्यंत ती जाहिरात होऊन येते, तोवर त्यातला नफा वाटला गेलेला असतो.

भावानं शेवटी ती जमीन घेतली नाही. माझ्या परिच्छेदामुळे असं मला वाटत होतं. नंतर कळलं की वहिनी एकदा शनिवारी बघायला जाऊन आली, तिथे फोनला रेंज नव्हती आणि घरून काम करता येणार नाही म्हणून तिनं नको म्हटलं. कारण कोणतंही असो.

दिवाळीनंतर मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"वकीलबाई, मी धुऱ्यावरचा. ते वावर मीच घेऊन राह्यलो. तुमी कागद पाह्यलेच हाय त मंग खरेदीखत तुमीच लिहून द्या."

विक्रेता दोन-तीन गिऱ्हाइकं हुकल्यावर खाली आला होता. आम्हाला सांगितलेल्या भावाच्या निम्म्याच्या थोडा वर. धुऱ्यावरच्या या गृहस्थांच्या जमिनीचा एक पट्टा समृद्धीत गेला होता, त्या मोबदल्यातून घर झालं, मुलीचं लग्न झालं, उरलेलं बँकेत होतं ते यात घातलं. मी विचारलं, पाणी नाही म्हणत होता ना? म्हणाले, हीर माझी आहे, पाइप टाकला की तिनेकशे फुटांवर याचं वावर. रस्ता नाही म्हणत होता? म्हणाले, माझ्यातूनच तर जायचं आहे, मला कोण अडवणार. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यातही तुकडा विकायचा तर लगतच्या खातेदाराला विकायची मुभा आहे. कायदा करणाऱ्यांनी धुऱ्यावरच्या माणसाचा विचार आधी केला होता. आमच्या जाहिरातीत तो नव्हता.

ते नागपूरला आले, मसुदा ऐकायला बसले. झुडपीचा पाऊण एकर मी क्षेत्रात धरला नव्हता. त्यावर त्यांची काही हरकत नव्हती. "ते त गावाचंच हाय, बाई. मोहा वेचाले अख्खं गाव येते तिथं." चतुःसीमा वाचून झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"एक लिहून टाका. त्याच्या मागं अजून एक वावर हाय, त्याले बी वाट नाही. मागच्याची वाट यातून लिहा. नाही त माह्यानंतर पोरं भांडतीन."

"किती फूट लिहू?"

"ट्रॅक्टर जाते तेवढी. आठ फूट पुरते."

मी आठ लिहिलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, थ्रेशर मागे लावून वळायला आठात अडतं, दहा करा. दहा केलं आणि आर्वीच्या दुय्यम निबंधकाकडची तारीख घेतली.